वाटेत बाइकचं चार्जिंग गेलं तर काय करायचं? (नाशिकहून कसारा, त्र्यंबक, पेठ, वणीकडे फिरणाऱ्यांसाठी)

गंगापूररोडकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

पावसाळा लागला की आपल्याकडे रविवारी सकाळी गाड्या बाहेर पडतात. कोणी घोटीवरून भंडारदऱ्याला, कोणी त्र्यंबक-हरसूल, कोणी पेठकडे, कोणी वणीमार्गे सप्तशृंगी गडावर. आणि दुपारपर्यंत ग्रुपवर एक तरी मेसेज येतोच: "सेल्फ मारत नाहीये, बॅटरी गेली बहुतेक, जवळ बॅटरीवाला कोण आहे?" कोणीतरी नंबर देतो, नवीन बॅटरी बसते, गाडी सुरू होते. तासाभराने पुढच्या गावात गाडी परत तशीच उभी.

या धाग्याचा मुद्दा असा: बॅटरी उतरणं हा ताप आहे, आजार बहुतेक वेळा दुसरीकडे असतो. चालत्या गाडीत बॅटरी उतरली, तर तिला भरणारी यंत्रणा बंद पडली आहे का हे आधी तपासा. त्यासाठी दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर आणि दहा मिनिटं पुरतात.

यंत्रणा थोडक्यात. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चाकात चुंबकं असतात, त्यांच्या आत तांब्याच्या तारेची कॉइल असते (गॅरेजवाले हिला मॅग्नेट कॉइल म्हणतात, पुस्तकात स्टेटर). तिथून एसी करंट निघतो. तो रेग्युलेटर-रेक्टिफायरमध्ये जातो, म्हणजे त्या पंख्या-पंख्यांच्या अॅल्युमिनियमच्या डबीत. ती डबी एसीचा डीसी करते आणि व्होल्टेज साधारण १४ ते १४.५ वर धरून ठेवते. तिथून फ्यूजमार्गे बॅटरी. बस, एवढंच. कॉइल, रेग्युलेटर, बॅटरी आणि त्यांना जोडणाऱ्या वायरी व कपलर (वायरींचे प्लॅस्टिकचे प्लग). बिघाड यापैकी कुठे तरी असतो.

आता मोजायचं कसं. गाडी बंद, चावी बंद, मीटर डीसी २० वर, थेट बॅटरीच्या टर्मिनलवर. १२.६ च्या वर असेल तर बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. मग गाडी चालू करा आणि रेस चार-पाच हजार आरपीएमवर धरा. १३.८ ते १४.५ दिसलं तर चार्जिंग ठीक आहे, दुसरं कारण शोधा. आकडा १२ च्या आसपासच राहिला किंवा हळूहळू खाली येत गेला, तर चार्जिंग होत नाहीये. आणि १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर व्होल्टेज धरून ठेवत नाहीये, तो प्रकार वेगळा आणि जास्त धोक्याचा. त्यावर खाली बोलू.

आकडा फक्त आयडलवर (रेस न देता) बघून निष्कर्ष काढू नका. आयडलला बऱ्याच गाड्या जेमतेम १३ च्या आसपास असतात. द्वारका सर्कलला ट्रॅफिकमध्ये हेडलाइट आणि रेडिएटरचा पंखा दोन्ही चालू असताना थोडा वेळ बॅटरीतून जाणं हेही नॉर्मल आहे. मोकळ्या रस्त्याला लागल्यावर ते भरून निघतं.

बंद पडायच्या आधी गाडी इशारे देते. हॉर्नचा आवाज बसतो. इंडिकेटरची लय बदलते. मीटर कन्सोल मध्येच रिसेट होतो, घड्याळ शून्यावर येतं. एबीएसचा (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा विनाकारण लागतो, कारण व्होल्टेज पडलं की एबीएसचं युनिट आधी तक्रार करतं. यातलं काहीही दिसलं तर तशीच गाडी पुढे रेटत राहू नका. आणि थांबलात तरी जागा नीट निवडल्याशिवाय इंजिन बंद करू नका. बंद केलं तर परत सुरू होईलच असं नाही.

आपापले अनुभव आणि उपाय लिहा. विशेषतः घाटात अडकल्यावर काय केलंत ते.

पेठरोड_पाऊस

फार गरजेचा धागा. एक भर घालतो, घाटात उरलेल्या बॅटरीवर गाडी किती चालते याची.

हिशोब सोपा आहे. समजा ९ एएचची (अँपिअर-तास, म्हणजे ९ अँपिअर तासभर) बॅटरी पूर्ण भरलेली आहे. साधा ५५-६० वॅटचा हॅलोजन हेडलाइट एकटाच जवळजवळ ५ अँपिअर खातो. फ्युएल पंप, इग्निशन, ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर), टेललाइट मिळून आणखी चार-पाच धरा. म्हणजे ताशी ९-१०. कागदावर तासभर, पण प्रत्यक्षात त्याच्या निम्मंही मिळत नाही, कारण बॅटरी शून्य व्हायच्या खूप आधी व्होल्टेज इतकं पडतं की पंप आणि ईसीयू नीट काम करत नाहीत. हेडलाइट काढला तर हीच वेळ जवळपास दुप्पट होते.

अडचण ही की १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या गाड्यांना हेडलाइटचं बटणच नाही, इंजिन चालू तर दिवा चालू. म्हणून दिवसा असेल तर हेडलाइटच्या मागचा कपलर ओढून काढायचा किंवा त्याचा वेगळा फ्यूज असेल तर तो काढायचा. फ्यूजबॉक्सच्या झाकणावर कोणता फ्यूज कशाचा हे छापलेलं असतं, ते आजच घरी बघून ठेवा. फोन चार्जर काढा, फॉगलाइट बंद. ब्रेकवर पाय ठेवून उभं राहू नका, ब्रेकलाइट चालू राहतो. आणि सर्वात महत्त्वाचं, सेल्फ मारायचा नाही. एकदा सुरू झालेली गाडी ठिकाणावर पोचेपर्यंत बंद करायची नाही, पेट्रोल पंपावरसुद्धा थांबायचं नाही.

कोटंबीच्या घाटात एका दोस्ताची गाडी चार्जिंग सोडून गेली होती. कन्सोल लुकलुकायला लागल्याबरोबर त्याने हेडलाइटचा कपलर काढला आणि तशीच गाडी पेठपर्यंत आणली. तिथे ट्रॅक्टरचं इलेक्ट्रिक काम करणाऱ्याकडे बॅटरी चार्जिंगला लावली आणि त्याच्याकडे बसूनच वायरिंग तपासलं. आपल्या भागात हे लक्षात ठेवा: बाइकचं गॅरेज नसेल तिथेही ट्रॅक्टरचा इलेक्ट्रिशियन असतो. त्याच्याकडे चार्जर असतो, सोल्डरिंग असतं, आणि त्याला बारा व्होल्टची यंत्रणा पाठ असते.

इंदिरानगर_रायडर

वरच्या प्रतिसादातल्या हेडलाइटच्या उपायावर एक स्पष्ट अट घालते. हे फक्त दिवसा आणि चांगला उजेड असताना. कसाऱ्याला पावसात दुपारी तीन वाजता पण धुक्यात समोरचं दिसत नाही. अशा वेळी दिवा काढून चालवणं म्हणजे मागून येणाऱ्या ट्रकच्या भरवशावर राहणं. टेललाइट आणि इंडिकेटर तर कधीच काढायचे नाहीत, त्यांनी वाचणारा करंट अगदी किरकोळ असतो.

अंधार पडला असेल तर गाडी ढाब्यावर किंवा पंपावर लावा आणि थांबा. मी हँडलला छोटा डिजिटल व्होल्टमीटर बसवून घेतला आहे, इग्निशन चालू असेल तेव्हाच चालू होणारा. एकटी लांब जाते, त्यामुळे बिघाड अर्धा तास आधी कळणं माझ्यासाठी फार मोठी गोष्ट आहे. चालताना १४.२ दिसायला हवं तिथे १२.८ दिसलं की मी पुढच्या वस्तीत थांबते, घाटात शिरत नाही. महामार्गावर अडकलात तर १०३३ हा राष्ट्रीय महामार्गांचा मदत क्रमांक आहे, आणि जीवाला धोका वाटला तर ११२. दोन्ही फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

गंगापूररोडकर

ताई, तुमची अट शंभर टक्के बरोबर. धुक्यात दिवा काढायचा नाही, हे वर माझ्या पोस्टमध्येही यायला हवं होतं असं समजून सगळ्यांनी वाचा.

निफाडवाला

मला मदत हवी आहे. माझी १५० सीसीची गाडी आहे, २०२१ ची, फ्युएल इंजेक्शन. रोज निफाड ते अंबड एमआयडीसी. मागच्या महिन्यात सकाळी गाडी सुरू होईना. गॅरेजवाल्याने बॅटरी गेली सांगितली, नवीन टाकली. आठवडाभर चालली, परत तेच. आता तो म्हणतो बॅटरीचा पीस खराब निघाला, दुसरी टाकू.

धागा वाचून मीटर आणला. बंद असताना १२.१. चालू केल्यावर १२.०. पाच हजारावर पण १२.०, वाढतच नाही. पुढे काय बघू?

सातपूर_वाइंडिंग

भाऊ, तिसरी बॅटरी घेऊ नका. तुमचं चार्जिंग शून्य आहे, आकडा सरळ सांगतोय.

मी मोटर वाइंडिंगचं काम करतो, शेतीपंपाच्या मोटरी जास्त, पण बाइकच्या कॉइलही भरतो. आता क्रमाने बघा. आधी बॅटरीचे टर्मिनल घट्ट आहेत का, मग मेन फ्यूज. हे दोन्ही ठीक असतील तर रेग्युलेटरकडे येणारा तीन वायरींचा कपलर शोधा. बहुतेक गाड्यांत तिन्ही वायरी पिवळ्या असतात. तो कपलर उघडून आतल्या पिना नीट बघा. प्लॅस्टिक पिवळं-तपकिरी झालंय का, एखादी पिन काळी पडलीय का, जळका वास येतो का. निम्म्या केसेस मला इथेच सापडतात.

कपलर चांगला असेल तर कॉइल तपासायची. कपलर वेगळाच ठेवा, गाडी सुरू करा, मीटर एसीवर २०० च्या रेंजला लावा. कॉइलकडून येणाऱ्या तीन पिनांपैकी दोन-दोन धरून मोजा: पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, पहिली-तिसरी. पाच हजार आरपीएमला साधारण ५० ते ७० व्होल्ट यायला हवेत. नेमका आकडा गाडीगणिक बदलतो, पण तिन्ही जोड्यांत तो जवळपास सारखा हवा. हात कोरडे ठेवा, उघड्या पिनांना बोट लावू नका, हा करंट झटका देतो.

मग गाडी बंद करून मीटर बीपवर (कंटिन्युइटी, म्हणजे दोन टोकं आतून जोडलेली असली की वाजतो) लावा. एक टोक पिवळ्या वायरीला, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूला. बीप यायला नको. आला तर कॉइल बॉडीला लागली आहे, म्हणजे तारेचं कोटिंग जाऊन ती इंजिनाच्या धातूला टेकली आहे.

बरेच जण फक्त ओहम मोजतात आणि "कॉइल ओके" म्हणून सोडून देतात. त्या कॉइलचा रेझिस्टन्स एक ओहमच्या आत असतो. स्वस्त मीटरची नुसती दोन टोकं एकमेकांना लावली तरी ०.२-०.३ दाखवतो. त्यात दोन-चार फेरे आतल्या आत चिकटलेले कसे कळणार? म्हणून चालू इंजिनावरची एसी टेस्ट खरी.

निफाडवाला

दादा, सगळं केलं. कपलर स्वच्छ आहे. एसी: एका जोडीत ५४, बाकी दोन्हींत वीसच्या आसपास. आणि तिन्ही वायरींना इंजिनाशी बीप येतो. म्हणजे तिन्ही फेज गेल्या का?

सातपूर_वाइंडिंग

तिन्ही गेल्या असंच धरायचं कारण नाही. या कॉइलमध्ये तिन्ही फेजची (कॉइलमधल्या तीन वेगळ्या वाइंडिंगची) एकेक टोकं आत मध्यभागी जोडलेली असावीत (याला स्टार जोडणी म्हणतात). त्यामुळे एक फेज बॉडीला लागली तरी बीप तिन्ही वायरींना येतो. तुमचे व्होल्टेजचे आकडे बघता दोन वायरींच्या मधली जोडी चांगली आहे आणि तिसऱ्या वायरीची फेज जळलेली आहे. पण काम तेच: पूर्ण कॉइल बदलायची किंवा भरून घ्यायची.

रेग्युलेटरही तपासा. मीटर डायोडवर (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा पार्ट) लावून त्याच्या तीन इनपुट पिना आणि प्लस-मायनस मोजा. एका दिशेने आकडा यावा, उलट दिशेने येऊ नये. कुठेही दोन्ही बाजूंनी बीप आला तर डायोड शॉर्ट आहे. शॉर्ट रेग्युलेटरने नवी कॉइल परत जाळायला वेळ लागत नाही. कोणी म्हणालं कॉइल तेवढी टाकू, रेग्युलेटर बघायची गरज नाही, तर ऐकू नका.

घोटी_टोलनाका

कॉइल का जळते याबद्दल कोणी लिहाल का? माझ्या मित्राच्या गाडीची दोन वेळा गेली.

सातपूर_वाइंडिंग

कारणं बरीच, पण मुख्य उष्णता. कॉइल इंजिनाच्या आत असते, बऱ्याच गाड्यांत गरम ऑइलचे शिंतोडे तिच्यावर सतत उडतात. त्यात आपले बहुतेक रेग्युलेटर शंट प्रकारचे. बॅटरी भरली की उरलेला करंट कुठे जाणार, तर शंट रेग्युलेटर तो कॉइलच्याच वायरी आपसात जोडून जिरवतो. म्हणजे तुम्ही दिवे चालू ठेवा की बंद ठेवा, कॉइल कायम पूर्ण ताकदीने करंट वाहत असते आणि तापत असते. सिरीज प्रकारचा रेग्युलेटर वेगळा, तो गरज नसेल तेव्हा वाटच तोडतो, त्यामुळे कॉइल थंड राहते. शिंडेंगेन या जपानी कंपनीचा एसएच७७५ हा त्यातला नावाजलेला. तो बसवायचा तर बाजारात नकली माल भरपूर आहे, बघून घ्या. जागा आणि वायरीची जाडी यांचाही विचार करावा लागतो.

दुसरं, भरण्याचं काम कोणत्या तारेने झालं ते. पंपाच्या मोटरीला वापरतो ती साधी इनॅमलची तार बाइकला चालत नाही. २०० अंशापर्यंत टिकणारी दुहेरी कोटिंगची तार हवी आणि वरून ऑइलला न विरघळणारं व्हार्निश भट्टीत भाजलेलं हवं. साध्या तारेची कॉइल काउंटरवर फिरवून दाखवली तर मस्त चालते, घाटात तासभर तापली की जाते. भरायला देताना आधी हेच विचारा. आणि जुनी कॉइल उकलताना फेरे किती, तार किती गेजची, जोडणी स्टार की डेल्टा, हे लिहून ठेवणाराच माणूस निवडा.

जुनी_बुलेट_सिडको

माझ्याकडे जुन्या धाटणीची कास्ट आयर्न बुलेट आहे. तिच्या हेडलाइटवर अमीटर असतो. सुई प्लसकडे म्हणजे बॅटरी भरतेय, मायनसकडे म्हणजे खर्च होतेय. आमच्या पिढीला चार्जिंग गेलं हे सुई बघून कळायचं. नव्या गाड्यांत इतका मोठा कन्सोल देतात पण चार्जिंगचा आकडा बहुतेकांत नसतो, हे मला खरंच खटकतं. इंदिरानगरच्या ताईंनी व्होल्टमीटर बसवला ते उत्तम केलं.

एक सांगतो, जुन्या १०० सीसीच्या कार्बोरेटरवाल्या कम्युटर गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांचं इग्निशन थेट मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिनावरच्या चुंबक-कॉइलवर चालतं. बॅटरी पूर्ण मेली तरी किक मारली की गाडी चालू. म्हणून गावाकडे अजून लोक त्या जपून ठेवतात. पण १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे नियम) आलं, फ्युएल इंजेक्शन घराघरात आलं, आणि आता पंपाला व ईसीयूला करंट नसेल तर गाडी धक्क्यानेही चालू होत नाही.

पेठरोड_पाऊस

काका, धक्क्याबद्दल थोडं अजून. चावी फिरवल्यावर पंपाचा "झुंई" आवाज दोन सेकंद येत असेल आणि कन्सोल स्थिर असेल, तर इंजेक्शनची गाडीही धक्क्याने सुरू होते. म्हणजे सेल्फ फिरवायला ताकद नाही पण पंप चालवायला आहे. दुसरा गिअर, उतार, क्लच सोडायचा आणि लगेच दाबायचा. पंपाचा आवाजच नसेल तर धक्का मारत बसू नका, दमून जाल आणि काही होणार नाही.

आणि पायाने ढकलत नेणं, म्हणजे मागच्या बाइकवाल्याने फूटरेस्टला पाय लावून नेणं, हे कसाऱ्याला किंवा सावळघाटात कृपया करू नका. वळणावर दोन्ही गाड्या एकमेकांत अडकतात.

घोटी_टोलनाका

जंप स्टार्टबद्दल. आमच्याकडे हायवेला ट्रकवाले थांबतात, मदत करायला तयार असतात, केबल पण त्यांच्याकडे असते. पण मोठ्या ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची असते! दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या. बाइकला तो करंट थेट दिला तर ईसीयू, कन्सोल, सगळं एका क्षणात जाऊ शकतं. ट्रकवरून घ्यायचाच असेल तर त्या दोनपैकी एकाच बॅटरीच्या प्लस-मायनसवरून घ्यायचा, आणि हे नीट समजणारा माणूस शेजारी असेल तरच.

त्यापेक्षा टोमॅटो-द्राक्षांची पिकअप, कार किंवा ट्रॅक्टर बरा, ते १२ व्होल्टचे. त्या गाडीचं इंजिन बंद ठेवायचं. आधी प्लसला प्लस, मग त्यांचा मायनस आपल्या इंजिनाच्या उघड्या धातूला. आपली गाडी चालू झाली की आधी मायनस काढायचा. आणि लक्षात ठेवा, चार्जिंगच गेलं असेल तर जंप मारून गाडी चालू होईल, पण बॅटरीत फारसं काही शिरलेलं नसतं. लांब जाता येत नाही.

म्हसरूळ_डीओ

मी वाचलंय की गाडी चालू झाल्यावर बॅटरी काढून टाकली तरी चालते, मग चालत्या गाडीवर बॅटरी दुसऱ्या गाडीला लावून आणता येईल?

सातपूर_वाइंडिंग

अजिबात करू नका. बॅटरी ही व्होल्टेजचे उसळे पचवणारी गादी असते. ती काढल्यावर रेग्युलेटरमधून निघणारं व्होल्टेज वर-खाली उड्या मारतं. त्यात ईसीयू गेला तर बॅटरीच्या कित्येक पट खर्च.

गंगापूररोडकर

आता तो उलटा प्रकार, व्होल्टेज १५ च्या वर जाणारा. हा लोक ओळखत नाहीत कारण दिवे उलट जास्त प्रखर दिसतात. बल्ब वारंवार उडणं, बॅटरीची बाजू फुगणं, सीटखालून सडक्या अंड्यासारखा वास येणं, ही लक्षणं. वास आला की लगेच थांबा, गाडी मोकळ्या जागी लावा, जवळ बिडी-सिगारेट नको. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो.

अशा वेळी घरी पोचायचं असेल तर बॅटरी थंड झाल्यावर, ती फुगलेली किंवा गळत नसेल तर, कॉइलचा तीन वायरींचा कपलर रेग्युलेटरपासून काढा. म्हणजे चार्जिंगच बंद. मग पेठरोड भाऊंनी लिहिल्याप्रमाणे नुसत्या बॅटरीवर, कमीत कमी लोडवर, जवळच्या गावापर्यंत. काढलेल्या कपलरची कॉइलकडची बाजू टेपने नीट गुंडाळा, कारण इंजिन फिरतंय तोवर त्या पिनांवर ५०-६० व्होल्ट असतात आणि बाजूला लोखंडी चासी आहे.

रेग्युलेटरची एक फसवी केस इथे नोंदवून ठेवतो. ओझरच्या एका मित्राच्या गाडीत बॅटरीवर १३.१ च्या वर आकडा जाईना. कॉइल उत्तम, नवीन रेग्युलेटर टाकला तरी तेच. मग आम्ही मीटरचं एक टोक रेग्युलेटरच्या प्लस आउटपुटला आणि दुसरं बॅटरीच्या प्लसला लावलं, इंजिन चालू ठेवून. मधेच १.१ व्होल्ट गळत होते! ०.२-०.३ च्या आत हवं. वायर हाताने चाचपत गेलो तर टाकीखालच्या एका कपलरजवळ ती गरम लागली. कपलर उघडला, बाहेरून नवा दिसत होता, आतली पिन हिरवी पडली होती आणि शेजारचं प्लॅस्टिक मऊ होऊन तिच्यावर ओघळलं होतं. पावसाळ्यात प्रेशर वॉशरने टाकीखाली पाणी मारलं की हे होतं. तो कपलर कापून वायर थेट सोल्डर केली, वर हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी). बॅटरीवर १४.२.

हीच टेस्ट मायनसच्या बाजूनेही करायची: रेग्युलेटरची बॉडी किंवा काळी वायर ते बॅटरीचा मायनस. अर्थिंग (मायनसची जोडणी) ढिलं असेल तर रेग्युलेटरला खरं व्होल्टेज कळतच नाही आणि तो चुकीचं धरून बसतो. पार्ट बदलायच्या आधी ही टेस्ट करा. फुकट आहे आणि रस्त्यावर उभ्या-उभ्या होते.

इंदिरानगर_रायडर

हे रस्त्यावर करायचं तर सोबत काय ठेवावं?

गंगापूररोडकर

छोटा मल्टिमीटर. आपल्या गाडीत लागतात त्याच अँपिअरचे जास्तीचे फ्यूज. हातभर जाड वायर, इन्सुलेशन टेप, दहा नंबरचा पाना, छोटा कटर. जळालेला कपलर कापून दोन्ही बाजूंच्या तीन वायरी एकास एक पिळून प्रत्येकीवर टेप मारली तरी नाशिकला पोचता येतं. इगतपुरीहून साधारण ४५ किलोमीटर आहे. तिन्ही पिवळ्या वायरी कुठलीही कुठेही जोडली तरी चालतं, क्रम लागत नाही, फक्त त्या एकमेकींना किंवा बॉडीला लागायला नकोत. फ्यूजच्या जागी चंदेरी कागद किंवा तार घालू नका, वायरिंग पेटतं.

आणि जे फॉगलाइट लावतात त्यांच्यासाठी: ४० वॅटचे दोन दिवे म्हणजे साडेसहा अँपिअर. छोट्या गाडीची कॉइल मुळात तेवढ्यासाठी बनलेली नसते. लावायच्या आधी गाडीच्या मॅन्युअलमध्ये अल्टरनेटरची (म्हणजे याच मॅग्नेट कॉइलची) वॅटची क्षमता बघा.

निफाडवाला

मंडळी, अपडेट. डावं कव्हर उघडलं. कॉइलची तार ज्यांवर गुंडाळलेली असते त्या अठरा दातांपैकी पाच-सहा पूर्ण काळे, तारेवरचं कोटिंग पापडासारखं सुटलेलं. रेग्युलेटर डायोड टेस्टमध्ये शॉर्ट निघाला, तोही बदलला. कॉइल सातपूरला भरून घेतली, २०० अंशाची तार सांगूनच. बॅटरी रात्रभर बाहेरून चार्ज केली. आता बंद असताना १२.७, पाच हजारावर १४.३. तिन्ही जोड्यांत ५५-५६ एसी. गॅरेजवाल्याला आकडे दाखवले, तो म्हणाला यापुढे मीटर लावूनच सांगेन.

सातपूर_वाइंडिंग

छान. बॅटरी बाहेरून भरलीत ते फार बरोबर केलंत. पूर्ण उतरलेली बॅटरी गाडीवर भरायला ठेवली तर नव्या रेग्युलेटरवर पहिल्याच दिवशी ताण येतो. बाहेरूनही तिच्या एएचच्या साधारण दहाव्या भागाइतक्याच अँपिअरवर भरायची, ९ एएच असेल तर एक अँपिअरच्या आसपास.

आता एक काम बाकी आहे. हे आकडे थंड इंजिनावरचे दिसतायत. अंबडला जाऊन आलात की गाडी बंद करून लगेच, गरम असतानाच, पिवळ्या वायरींचा बॉडीशी बीप परत तपासा. मग सुरू करून एसी मोजा. इन्सुलेशन कच्चं असेल तर ते थंडीत लपतं आणि गरमीत उघडं पडतं. कव्हरच्या गॅस्केटजवळ ऑइल झिरपतंय का तेही त्याच वेळी बघा. आकडे इथेच टाका.

निफाडवाला

आत्ताच पोचलो, इंजिन हात लावू देत नाहीये इतकं गरम. बीप नाही. एसी ५४, ५५, ५४. गॅस्केट कोरडं आहे. उद्या सकाळी थंड बॅटरीचा आकडा टाकतो, म्हणजे रात्रीत कुठे गळती आहे का तेही कळेल.

सातपूर_वाइंडिंग

बरोबर. सकाळी १२.५ च्या खाली आला तर चावी बंद ठेवून मायनस वायर काढा, वायर आणि टर्मिनलच्या मधे मीटर मिलीअँपिअरवर जोडा. काही मोजके मिलीअँपिअर ठीक. जास्त दिसला तर आधी जीपीएस ट्रॅकर किंवा बाहेरून बसवलेला हॉर्न काढून बघा. मीटर तसा जोडलेला असताना चावी फिरवू नका, मीटरचा फ्यूज उडेल.